मोडक्या बँजोची वंशावळ

‘जुना बँजो विकणे आहे, थोडी दुरुस्ती आवश्यक.’ अशा मजकुराच्या जाहिराती अमेरिकेत व इंग्लंडात जुन्या वाद्यांच्या बाजारात नित्य आढळतात. वरकरणी पाहता हा मोडीचा सामान्य व्यवहार. माळ्यावर पडलेली वस्तू, फाटलेले कातडे, एखाददुसरी गहाळ खुंटी आणि मिळेल त्या किमतीला ती घराबाहेर काढण्याची मालकाची घाई, एवढेच त्यात दिसते. परंतु या वाद्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला ‘थोडी दुरुस्ती’ हे दोन शब्द अस्वस्थ करतात. बँजोचा तीनशेहून अधिक वर्षांचा इतिहास हा बव्हंशी दुरुस्त्यांचा व सुधारणांचा इतिहास आहे, आणि त्यातील बहुतेक सुधारणांनी आधीच्या धन्याची एखादी खूण पुसून टाकली आहे. ती कशी पुसली गेली आणि आज ज्याच्या हाती असे एखादे वाद्य आहे त्याने ते विकण्यापूर्वी काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम नावाचा एक घोटाळा निस्तरला पाहिजे. मुंबईतील अथवा कोकणातील मनुष्याला ‘बेंजो’ म्हटले की गणपतीची मिरवणूक आठवते. ढोल, ताशे आणि त्यांवर कर्ण्यातून घुमणारा तारांचा झणत्कार! २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला तोही या मिरवणुकीतल्या वादकांवरच. हे वाद्य मात्र बँजो नव्हे. जपानातील नागोया शहरी मोरिता गोरो याने १९१२ साली, तैशो राजवटीच्या प्रारंभी, ‘तैशोगोतो’ नावाचे एक वाद्य सिद्ध केले. टंकलेखन यंत्राप्रमाणे कळा दाबल्या की खालच्या तारा ठरलेल्या जागी दबतात अशी त्याची योजना होती. तेच हिंदुस्थानात येऊन ‘बुलबुल तरंग’ झाले आणि पुढे ‘बेंजो’ हे परके नाव त्याला चिकटले. बलुचिस्तानात त्याचाच एक मोठा भाऊ ‘बेंजू’ म्हणून नांदतो. नाव एकाचे आणि देह दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. आपल्याला येथे ज्याची कुळकथा पाहावयाची आहे तो बँजो निराळा. एका गोल कड्यावर डफासारखे कातडे मढवलेले, त्याला लांब दांडी जोडलेली, कातड्यावर उभी केलेली लाकडी घोडी आणि तिच्यावरून गेलेल्या चार किंवा पाच तारा, असे त्याचे रूप. पाच तारांच्या बँजोत एक तार बाकीच्यांपेक्षा आखूड असते आणि तिची खुंटी दांडीच्या शेंड्याला नसून मध्येच, कडेला बसवलेली असते. ही आखूड तार वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील कथेत साक्षीदार म्हणून तिला पुन्हा बोलवावे लागणार आहे.

बँजोचा जन्म अमेरिकेत झाला असे सर्वसामान्यतः समजले जाते, आणि अर्ध्या अर्थाने ते खरेही आहे. परंतु ज्यांच्या हातून तो जन्मला ते लोक तेथे स्वेच्छेने आलेले नव्हते. ज्याच्या संग्रहातून पुढे ब्रिटिश म्युझियम उभे राहिले तो वैद्य हॅन्स स्लोन १६८७ ते १६८९ या काळात जमैका बेटावर होता. तेथील आफ्रिकी गुलामांच्या एका उत्सवातील गाणी त्याने टिपून घेवविली, त्यांची वाद्ये पाहिली, आणि १७०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्या वाद्यांचे चित्र छापले. भोपळ्याचे भांडे, त्यावर ताणलेले कातडे, साधी लाकडी दांडी आणि मोजक्या तारा. बँजोच्या घराण्याचे हे पहिले विश्वसनीय चित्र म्हणावयास हरकत नाही. पुढे थॉमस जेफर्सनने १७८१ च्या सुमारास लिहिलेल्या व्हर्जिनियावरील आपल्या ग्रंथात, हे वाद्य या लोकांनी आफ्रिकेतून आपल्याबरोबर आणले अशी नोंद केली. जेफर्सन स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता. आपण ज्यांना विकत घेतो त्यांनी बरोबर काही आणले आहे हे त्याने लिहून ठेवले, ही इतिहासाची एक विचित्र कृपाच म्हणावी लागेल.

भोपळ्याच्या उल्लेखाने मराठी वाचकाला मिरजेची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. पंढरपूर-सोलापूरकडच्या मळ्यांत पिकलेले कडू भोपळे मिरजेच्या सतारमेकरांकडे जातात आणि त्यांचे तंबोरे होतात; २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. तंबोऱ्याचा भोपळा एकदा फुटला की तो सांधणारा हात किती दुर्मिळ असतो हे ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना सांगावयास नको. भोपळा तडकतो, त्याला कीड लागते. म्हणूनच अमेरिकेच्या भूमीवर शे-दोनशे वर्षांत वाजलेल्या असंख्य भोपळ्याच्या बँजोंपैकी जवळजवळ एकही उरला नाही. जे दोनचार नमुने शिल्लक आहेत ते समुद्रापलीकडे गेले म्हणून वाचले. त्यांतील सर्वांत जुना हॉलंडमध्ये लायडेनच्या संग्रहालयात आहे. १७७० च्या दशकात सुरीनाम येथे लष्करी चाकरीवर असलेल्या जॉन गॅब्रिएल स्टेडमनने तो तेथून आणला असे मानले जाते. दुसरा पॅरिसमध्ये आहे. गुलामगिरीच्या उच्चाटनासाठी झगडणारा फ्रेंच मुत्सद्दी व्हिक्टर शेल्शेर १८४० च्या सुमारास हैतीस गेला असता त्याने हा ‘बांझा’ मिळविला. तो संग्रहालयात गेला आणि तेथे इतका विस्मृतीत पडला की त्याचे महत्त्व संशोधकांच्या ध्यानात येण्यास २००३ साल उजाडावे लागले. दीडशे वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही, म्हणून दीडशे वर्षे कोणी दुरुस्तही केले नाही. त्याचे भाग्य असे की तो दुर्लक्षित राहिला!

पश्चिम आफ्रिकेत या वाद्याचे आप्त आजही वाजतात. सेनेगल, गांबिया व गिनी-बिसाऊ या मुलखांतील जोला लोकांचे ‘अकोंटिंग’ हे त्यांपैकी बँजोला फार जवळचे. भोपळा, कातडे, आरपार गेलेली दांडी, तीन तारा. त्यांतील एक आखूड आणि ती अंगठ्याने वाजवावयाची. गांबियाचे डॅनिएल जाट्टा यांनी २००० साली अमेरिकेतील बँजो-संग्राहकांच्या मेळाव्यात हे वाद्य वाजवून दाखविले तेव्हा जमलेल्या जाणकारांना त्यातील उजव्या हाताची चाल ओळखीची वाटली, कारण अमेरिकेच्या डोंगराळ भागातील म्हातारे वादक नखाचा आघात खाली करून अंगठ्याने आखूड तार छेडतात ती हीच चाल. अर्थात एकाच वाद्याला बँजोचे पितृत्व बहाल करणे धाडसाचे होईल. त्या भूभागात कातडे मढवलेली तारवाद्ये पुष्कळ आहेत आणि गुलामांच्या जहाजांत अनेक जमातींचे लोक एकत्र कोंबलेले होते. पण कूळ कोणते याविषयी आता शंका उरलेली नाही.

असे असता ते कूळ लोकांच्या स्मरणातून गेले कसे? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील रंगभूमीवर मिळते. व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स येथला जोएल स्वीनी हा गोरा तरुण शेजारपाजारच्या कृष्णवर्णीय वादकांकडून बँजो शिकला आणि १८३० च्या दशकापासून तोंडाला काजळी फासून त्याचे जाहीर खेळ करू लागला. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ नावाची मंडळी उभी राहिली, आणि कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे हे मिन्स्ट्रेल तमाशे पुढील अर्धशतक अमेरिकेचे सर्वांत लोकप्रिय मनोरंजन ठरले. ज्यांचे वाद्य त्यांचीच विटंबना आणि तीही त्यांच्याच वाद्याच्या साथीने, असा हा प्रकार होता. बँजोची पाचवी तार स्वीनीने शोधून काढली अशी दंतकथाही याच काळात पसरली. येथे आपल्या साक्षीदाराला पाचारण करू. दक्षिण कॅरोलिनातील एका मळ्यावर १७८५ ते १७९० च्या दरम्यान काढलेले एक जलरंगचित्र आज विल्यम्सबर्गच्या संग्रहालयात आहे. त्यात गुलामांच्या झोपड्यांपुढे नृत्य चालले आहे आणि एक मनुष्य भोपळ्याचा चार तारांचा बँजो वाजवीत आहे. त्या वाद्याच्या दांडीवर मध्येच, कडेला, आखूड तारेची खुंटी स्वच्छ दिसते. स्वीनीचा जन्म १८१० चा! फार तर त्याने खर्जाकडची एखादी तार वाढविली असेल. आखूड तार मात्र त्याच्या जन्मापूर्वीची आहे आणि तिचा उगम अटलांटिकच्या पलीकडचा आहे.

तमाशांमुळे मागणी वाढली आणि मागणीबरोबर कारखानदारी आली. जर्मनीतून येऊन बाल्टिमोरला स्थायिक झालेला विल्यम बूशे हा मूळचा नगारे-ढोल बनविणारा कारागीर. त्याने १८४५ च्या सुमारास ढोलाचेच तंत्र बँजोला लावले. भोपळा गेला, त्याच्या जागी वाकवलेल्या लाकडाचे गोल कडे आले; खिळ्यांनी ठोकलेल्या कातड्याऐवजी आकडे व मळसूत्रे यांनी ताणता येणारे कातडे आले. या वेळच्या बँजोला पडदे नव्हते. दांडी सपाट, तारा आतड्याच्या आणि आवाज खोल, मऊ. पडदे बसविण्याची रीत १८७० नंतर रुळली, आणि मग जुन्या बिनपडद्यांच्या दांड्यांवर करवत फिरवून पडदे ठोकण्याचे काम कारागिरांनी घाऊक प्रमाणावर केले. त्यांच्या दृष्टीने ती सुधारणा होती. आज बूशेच्या हातचा एखादा बँजो विक्रीस आला आणि त्याच्या दांडीवर मागाहून ठोकलेले पडदे दिसले तर जाणकार गिऱ्हाईक हळहळतो. गतकाळात वाद्य नेमके कसे वाजत होते याचा तेवढा एकच पुरावा होता आणि तो करवतीखाली गेला.

पुढे फिलाडेल्फियाच्या एस. एस. स्टुअर्टने बँजोला दिवाणखान्यात नेण्याचा विडा उचलला. त्याने मासिक चालविले, स्वरलिपीची पुस्तके छापली, शिंपल्याच्या नक्षीचे सुबक बँजो बनविले आणि हे कुलीन स्त्रीपुरुषांनी वाजवावे असे वाद्य आहे असा हिरिरीने प्रचार केला. बँजोची प्रतिष्ठा त्याने वाढविली हे मान्य केले पाहिजे. परंतु या प्रतिष्ठेची अट अशी होती की त्याचे मळ्यावरचे बालपण कोणी काढू नये. दत्तक गेलेल्या मुलाने जन्मदात्यांचे नाव घेऊ नये, तसेच काहीसे.

याच सुमारास बँजो हिंदुस्थानात आला, आणि तोही तमाशांबरोबरच. १८६० च्या दशकात मिन्स्ट्रेल मंडळींबरोबर आलेला डेव्ह कार्सन हा अमेरिकन नकलाकार मुंबई व कलकत्ता येथील गोऱ्या प्रेक्षकांत फार गाजला. कृष्णवर्णीयांच्या टवाळीची विद्या येथे त्याने बंगाली बाबूंवर चालविली. तिला १८७० च्या दशकात कलकत्त्याचे नामवंत नट अर्धेन्दुशेखर मुस्तफी यांनी रंगभूमीवरूनच प्रत्युत्तर दिले: साहेबाच्या ‘पक्क्या तमाशा’ला मुस्तफीसाहेबांचा ‘पक्का तमाशा’! आपल्या देशाच्या नाट्येतिहासात बँजोच्या मागे आलेल्या या परंपरेची एवढी तरी नोंद आहे. नंतरच्या काळात पलटणींच्या छावण्यांत, रेल्वेच्या वसाहतींत आणि चहाच्या मळ्यांवर पियानोपेक्षा बँजो सोयीचा, कारण तो खांद्याला लावून कोठेही नेता येतो. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने या भटक्या वाद्यावर कविता केली आणि ती १८९६ च्या त्याच्या संग्रहात आली. खुद्द इंग्लंडात तर बँजो राजवाड्यात पोचला होता. कॅनडात जन्मलेल्या बोही बंधूंपैकी जेम्स बोही या कृष्णवर्णीय वादकाने युवराजाला, म्हणजे पुढील सातव्या एडवर्डला, बँजोचे धडे दिले.

म्हणून हिंदुस्थानात क्वचित एखादा जुना बँजो सापडला तर तो इंग्रजी बनावटीचा असण्याचा संभव अधिक, आणि त्यातही ‘झिदर-बँजो’ असण्याचा. १८८८ साली लंडनला आलेल्या आल्फ्रेड कॅमेयर या अमेरिकन वादकाने हा प्रकार लोकप्रिय केला. याची पाठ बंद असते, आणि पाचवी आखूड तार कडेच्या खुंटीला न जाता दांडीच्या पोटातील नळीतून थेट शेंड्यापर्यंत जाते. तारा पाच असूनही शेंड्याला खुंट्या मात्र बहुधा सहा असतात, कारण गिटारच्या तीन-तीनच्या तयार जोड्याच त्यावर बसवीत. ही माहिती नसलेल्या मालकाला एक तार हरवली आहे असे वाटते. तो भाबडेपणाने सहावी तार लावून देतो, त्यासाठी घोडीला सहावी खाच पाडतो आणि सुखरूप असलेल्या वाद्याचे दुरुस्तीच्या नावाखाली नुकसान करून बसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी नाचाच्या बँडांनी बँजोचा ताबा घेतला. ध्वनिवर्धक नव्हते, पितळी वाद्यांच्या गजरातून वर येईल असा तारांचा आवाज हवा होता. म्हणून कड्यावर, कातड्याच्या खाली, धातूचे जड वलय बसविण्यात आले. बोस्टनच्या व्हेगा कंपनीचे ‘ट्यूबाफोन’ १९०९ चे, कलामझूच्या गिब्सन कंपनीचे ‘मास्टरटोन’ १९२५ चे. पाठीमागे आवाज पुढे फेकणारी लाकडी थाळी आली. अंगठ्याची आखूड तार या नव्या संगीताला निरुपयोगी ठरली. ती काढून टाकण्यात आली आणि चार तारांचा, पोलादी तारांचा, गजाच्या वाद्यांप्रमाणे पंचमांतराने लावलेला ‘टेनर बँजो’ जॅझच्या दशकात राजा झाला. आफ्रिकेची जी शेवटची दृश्य खूण भोपळा जाऊनही टिकली होती ती अशा रीतीने गेली. मग १९३० नंतर मंदी आली, गिटारचा जमाना आला, आणि हे भारी किमतीचे टेनर बँजो गहाणवट्यांच्या दुकानांत धूळ खात पडले.

आता मौज पाहा. टाकाऊ झालेली आखूड तार परत आली ती उत्तर कॅरोलिनातील एका गिरणी कामगाराच्या हातून. अर्ल स्क्रग्ज १९४५ च्या अखेरीस बिल मन्रोच्या मंडळीत दाखल झाला आणि त्याच्या तीन बोटांच्या झपाट्याने पाच तारांचा बँजो पुन्हा लोकांच्या कानी पडला. १९४९ साली त्याने ध्वनिमुद्रित केलेली ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ ही रचना पुढे १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’ चित्रपटामुळे जगभर गेली. त्याच्या हाती जो गिब्सन ‘ग्रॅनाडा’ बँजो आयुष्यभर राहिला त्याचा क्रमांक ९५८४-३. हे वाद्य आधी स्नफी जेंकिन्सचे होते, त्याच्याकडून डॉन रीनोकडे आले आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस रीनो व स्क्रग्ज यांनी आपापल्या बँजोंची अदलाबदल केली तेव्हा ते स्क्रग्जकडे गेले. म्हणजे अमेरिकन संगीतातील सर्वांत विख्यात बँजो हाही हातोहात फिरलेला, जुना मालच होता!

स्क्रग्जसारखा आवाज हवा तर स्क्रग्जसारखे वाद्य हवे अशी हाव सुटली. परंतु गिब्सनने महायुद्धापूर्वी बनविलेल्या मास्टरटोनांत चार तारांचे अमाप आणि पाच तारांचे मोजके. तेव्हा कारागिरांनी युक्ती काढली. टेनर बँजोचे कडे, वलय व थाळी ठेवावयाची, दांडी फेकून द्यावयाची आणि नवी पाच तारांची दांडी घडवून बसवावयाची. या शस्त्रक्रियेने हजारो बँजो जिवंत झाले हे खरे, आणि ज्यांना केवळ वाजवावयाचे आहे त्यांनी तिला नाके मुरडू नयेत. पण तिच्याबरोबर लबाडीही आली. नव्या दांडीवर जुनी नक्षी उठवून आणि शेंड्यावर जुने नाव कोरून ते वाद्य अस्सल पाच तारांचे म्हणून विकण्याचा मोह अनेकांना आवरला नाही, कारण फरकाची रक्कम मोठी होती. मूळ पाच तारांची दांडी, मूळ सपाट वलय आणि अव्यंग कडे असलेल्या युद्धपूर्व गिब्सनला एक लाख डॉलरहून अधिक किंमत आलेली आहे, आणि दांडी बदललेल्या त्याच्याच भावंडाला त्याचा एक अंश. अशा वेळी कड्याच्या आतील बाजूस उठविलेला कारखान्याचा क्रमांक, दांडीच्या टाचेचा कड्याशी असलेला मेळ, मळसूत्रांची जुनी भोके आणि लाकडाचा उतरलेला रंग हेच पंच ठरतात. वार्निश खरवडून नवे चढविले की त्या पंचांची जीभच कापली जाते.

यावरून विक्रेत्याचे काम काय हे स्पष्ट व्हावे. फाटलेले कातडे बदलणे यात पाप नाही. कातडे हे तबल्याच्या पुडीसारखे झिजणारेच असते, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तर प्लॅस्टिकचे पटल सर्रास वापरतात, जे आपल्या पावसाळ्यात सैलही पडत नाही. तरी येथेही डोळे उघडे हवेत. पीट सीगर या लोकगायकाने आपल्या बँजोच्या पटलावर, हे यंत्र द्वेषाला वेढा घालून शरण यावयास लावते, अशा आशयाचे वाक्य लिहिले होते. मळके पटल बदलणाऱ्या सरळमार्गी दुकानदाराने ते कचऱ्यात टाकले असते. जुन्या कातड्यावर वादकाच्या बोटांचे घट्टे, एखादी सही, एखाद्या बोटीचे वा पलटणीचे नाव असते. ते काढावे लागले तर गुंडाळून वाद्याबरोबर द्यावे. घोडी, तारा, हरवलेला आकडा या गोष्टी परत काढता येतात, म्हणून त्या बसविण्यास हरकत नाही. जे परत करता येत नाही त्याला हात लावू नये: पडदे, रंग, दांडीची जाडी, कड्यातील भोके. विशेषतः आतड्याच्या तारांसाठी बनविलेल्या जुन्या बँजोला, ‘वाजतो’ हे गिऱ्हाइकाला दाखविण्याच्या हौसेने पोलादी तारा चढवू नयेत. चार दिवसांत दांडी धनुष्यासारखी वाकते. युद्धपूर्व गिब्सनच्या कड्याभोवतीची ओतीव फ्लँज जस्ताच्या ठिसूळ मिश्रधातूची असते. आकडे अतिरिक्त आवळले की ती वाकते वा तडकते आणि तिला मग सांधा नाही.

आपल्या देशातून विकणाऱ्यास आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. जुन्या इंग्रजी बँजोंच्या खुंट्या कधी कधी हस्तिदंती असतात, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताचा व्यापार येथे निषिद्ध आहे. वाद्य जुने आहे ही सबब चालत नाही. दुसरे असे की शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्याच पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकते आणि पुरावशेष खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील बँजो परदेशी गिऱ्हाइकाला पाठविण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे विचारणा करणे इष्ट.

इकडे अमेरिकेत गेल्या काही वर्षांत एक पालट झाला आहे. २००५ साली उत्तर कॅरोलिनात बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा पहिला मोठा मेळावा भरला. त्यातून जी तरुण मंडळी पुढे आली त्यांपैकी रिआनन गिडन्स ही गायिका १८५८ च्या एका बिनपडद्याच्या बँजोची हुबेहूब नक्कल करवून तीवर गाते. नक्कल करता आली, कारण मूळ वाद्यावर पडदे ठोकण्याची बुद्धी कोणाला झाली नाही. भोपळ्याचे बँजो घडविणारे कारागीरही पुन्हा निर्माण झाले असून ते जुन्या चित्रांचा व संग्रहालयांतील नमुन्यांचा आधार घेतात. आणि मास्टरटोन बँजोंच्या ज्या चार तारांच्या दांड्या पन्नास-साठ वर्षांपूर्वी कारागिरांच्या दुकानांत कोपऱ्यात फेकल्या गेल्या, त्यांना आता स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. ज्याच्याकडे दांडी बदललेला बँजो आहे तो आपल्या वाद्याची मूळ दांडी शोधीत फिरतो. आणि जो विक्रेता पेटीच्या तळाशी पडलेली ती जुनी दांडी जपून बरोबर देतो त्याला चार पैसे अधिक मिळतात.